रविवारी बॅटरी कोण उतरवतं?

पुण्यात राहून मी बोटींची कामं करतो असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग मुठेच्या पात्राकडे. त्याचं चुकत नाही. पण पुण्याच्या पश्चिमेला तास-दीड तासावर धरणांचं पाणी पसरलेलं आहे. त्यावर बोटी आहेत, आणि बोटींमध्ये बॅटऱ्या आहेत. कर्वेनगरच्या माझ्या दुकानावर पाटी मात्र अजून 'ऑटो इलेक्ट्रिशियन' अशीच आहे. बोटीचं चित्र काढून घ्या, असं एका पेंटरने सुचवलं होतं. मी म्हटलं, नको, लोक मासे मागायला येतील.

माझा धंदा बाहेरच्या माणसाला सांगायचा तर असा. गाडीला एक इंजिन, एक बॅटरी. बंद पडली तर चार माणसं ढकलतात. बोट ढकलायला पाण्यावर माणसं मिळत नाहीत, म्हणून जबाबदारीच्या बोटीला दोन इंजिनं असतात, आणि प्रत्येक इंजिन सुरू करायला त्याची स्वतःची बॅटरी. शिवाय दिवे, पाणी उपसायचा पंप, वायरलेस असल्या किरकोळ गरजांसाठी बॅटऱ्यांचा तिसरा संच. तिघांचे संसार वेगळे ठेवायचे. दिव्यांनी कितीही करंट खाल्ला तरी इंजिनाच्या बॅटरीला हात लागता कामा नये. पण भरताना मात्र इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरने सगळ्यांचं पोट भरायचं. ते जमवायला मध्ये डायोड नावाची वस्तू बसवतात. ते एकाच बाजूला उघडणारं दार असतं. करंट आत जातो, उलटा बाहेर येत नाही.

या कामात माणूस संशयी होतो. करंट दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो गेला तर कुठून गेला हे कोणी सांगत नाही. मला वाटतं, मी मुळातलाच संशयी असणार आणि धंदा मागाहून सापडला. बायको म्हणते, तुम्ही चहात साखर घातली की नाही हेसुद्धा दोनदा विचारता. खरं आहे. पण मीटर लावल्याशिवाय मी कोणावर विश्वास ठेवत नाही, याचा मला चाळीस वर्षं अभिमान होता. तो कसा उतरला, ते सांगतो.

एका धर्मादाय संस्थेने धरणापलीकडच्या वस्त्यांसाठी दवाखान्याची बोट सुरू केली. पलीकडे रस्ता नाही. डोंगराला वळसा घालून यायचं तर अर्धा दिवस मोडतो, बोटीने वीस मिनिटं. बोटीत दोन डिझेल इंजिनं, तपासणीचं एक बाक, औषधांचं कपाट आणि लसींसाठी एक छोटा फ्रिज. सगळं वायरिंग मी केलं. फ्रिज तिसऱ्या संचावर टाकला. त्या संचात तीन मोठ्या बॅटऱ्या होत्या. बोट दोन दिवस उभी राहिली तरी फ्रिज चालला पाहिजे, असा हिशेब करून दिला होता.

एक लाल स्विचही बसवला. सगळ्या बॅटऱ्या एकत्र जोडायचा. अडीअडचणीला एका इंजिनाची बॅटरी गेली तर दुसऱ्याच्या जिवावर सुरू करता यावं, एवढ्यासाठीच तो असतो. विसरून तो 'एकत्र'वर राहिला, तर फ्रिज इंजिनाच्या बॅटऱ्याही पिऊन टाकतो. म्हणून मी बोट चालवणाऱ्या सोपान मरगळेला समोर उभं करून सांगितलं, "ह्या स्विचला हात लावायचा नाही. लावलास आणि मला कळलं, तर दुसऱ्या दिवशी तू या बोटीवर नसशील."

सोपान त्याच भागातला, चाळिशीचा. धरणात बुडालेल्या गावातलं त्याचं घर. पाण्यावर आपण जिथून जातो, त्याच्या खाली अमक्याची विहीर आहे, असं तो सहज सांगायचा. त्याने मान हलवली. "न्हाय लावनार."

दोन-तीन महिने बरे गेले. मग तक्रार आली. सोमवारी सकाळी इंजिनं धड सुरू होत नाहीत. कुरकुरतात, दमतात, तिसऱ्या-चौथ्या वेळेला घेतात. इतर दिवशी ठीक.

फोन संस्थेच्या आपटेबाईंचा होता. बँकेतून निवृत्त होऊन या बाई संस्थेचा कारभार बघायच्या. बोलणं मोजकं. "अहो भोंडे, बोट तुम्ही वायरिंग केलेली आहे ना? मग सोमवारीच का रुसते? तिलाही रविवारची सुट्टी हवी असते का?"

मी गेलो. बॅटऱ्यांची टर्मिनलं, म्हणजे वायरी जोडायची टोकं, घट्ट होती. अल्टरनेटरवर मीटर लावला, चौदा दशांश दोन व्होल्ट. उत्तम. म्हणजे वायरिंग चोख आणि भरणा चोख. मग उरतात माणसं.

मी यादीच केली मनात. बॅटऱ्या पुरवणारा व्यापारी, त्याने जुन्या मालावर नवे स्टिकर लावले असतील. बोटीवरच्या नर्स वंदना सिस्टर, वर्ध्याकडच्या. त्या दवाखान्यात बसून मोबाइल भरायच्या, हे मी पाहिलं होतं. स्वतः आपटेबाईंवरही संशय घेतला. बाहेरून चार्जर लावायची सोय मी सुचवली होती, ती त्यांनी 'पुढे बघू' म्हणून ठेवून दिली होती. पण माझं मन पहिल्या दिवसापासून सोपानवर होतं. रविवारी बोट धक्क्याला उभी असते आणि किल्ली त्याच्याकडे असते. शिवाय त्याच्या पिशवीत मला लाल वायरचा हातभर तुकडा दिसला.

"हे काय?"

"वायर हाय."

"ते दिसतंय. कशाला?"

"कामाला येती."

"स्विचला हात लावला होतास?"

तो माझ्याकडे न बघता दोर गुंडाळत राहिला. "म्या कशाला लावतोय?"

खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. इथेही मी बरोबर होतो. तो खोटंच बोलत होता.

आपटेबाईंना मी म्हटलं, हे विचारून कळणार नाही, पकडावं लागेल. काडेपेटीएवढं एक यंत्र मिळतं. ते वायरवर चिकटवलं की कोणत्या वेळेला किती करंट बाहेर गेला, त्याची नोंद ठेवतं. सोपान डिझेल आणायला गेला होता, तेवढ्यात मी ते मागच्या बाकाखाली बसवलं आणि वर फळी स्क्रूने आवळली. सिस्टर औषधं लावत होत्या. त्यांनी विचारलं, "काहून खोलून राहिले भाऊ?" मी म्हटलं, "गंज बघतोय." त्यांनाही सांगितलं नाही. संशयितांच्या यादीत त्याही होत्या ना.

दोन आठवड्यांनी नोंद काढून पाहिली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. दोन्ही रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास, इंजिनांच्या बॅटऱ्यांमधून करंट जायला लागायचा. सोमवारी सकाळी, सिस्टर यायच्या आधी, थांबायचा. म्हणजे कोणीतरी रविवारी दुपारी लाल स्विच 'एकत्र'वर टाकत होतं आणि सोमवारी गुपचूप परत फिरवत होतं. किल्ली एकाकडेच.

मी पानभर अहवाल लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. 'सदर कृत्य बोटचालकाचेच असून त्याविषयी यत्किंचितही शंका नाही,' असं वाक्य लिहिलं आणि मला ते आवडलं. रविवारी तो बोटीवर काय चालवत असेल, याचेही दोन-तीन तर्क खाली दिले. पाहुण्यांना फिरवणं, टेप लावणं, वस्तीवरच्या कोणाचं काही भरून देणं. आपटेबाईंनी शनिवारी त्याला बोलावून महिनाअखेरीपासून काम बंद असल्याचं सांगितलं. तो काय म्हणाला, असं मी विचारलं. "काही नाही. पायातल्या चपला बघत उभा राहिला. मी बसा म्हटलं, बसला नाही."

त्या सोमवारी माझं यंत्र काढायला आणि बॅटऱ्या पुन्हा तपासायला मी बोटीवर गेलो. सोपान होता. माझ्याशी बोलला नाही. इंजिनं त्या दिवशीही कुरकुरली, पण घेतली. मी मनात म्हटलं, काढून टाकलं तरी खोड जात नाही याची.

पलीकडे पोचलो. सिस्टर खालच्या वस्तीत लसी द्यायला गेल्या. इंजिनं बंद होती, वारा वाढला होता, पाण्यावर पांढऱ्या रेघा उठत होत्या. मी कामाला लागलो. एकेका बॅटरीवर भार टाकून ती किती टिकते, ते बघायचं यंत्र माझ्याकडे असतं. त्यात बॅटरीची ताकद जाते, पण परीक्षा होते. इंजिनांची प्रत्येक बॅटरी दोनदा तपासली. मग खात्रीसाठी तिसऱ्यांदा. इंजिनाच्या बॅटऱ्या फारच खाली होत्या. ते आकडे मी समाधानाने वहीत टिपून घेतले. अहवालाला पुरवणी जोडायची होती.

तेवढ्यात चढावरून आरडाओरडा आला. चार माणसं एकाला घोंगडीत घालून आणत होती, मागून सिस्टर पळत होत्या. गवत कापताना त्याला पायाला साप चावला होता. चाळीस-पंचेचाळीसचा माणूस. बोलत होता, पण शब्द जड झाले होते आणि पापण्या आपोआप मिटत होत्या. सिस्टरनी त्याला बाकावर कुशीवर निजवलं आणि सोपानला म्हणाल्या, "चाल लवकर. पलीकडे गाडी मागवली मी."

सोपानने किल्ली फिरवली. उजवं इंजिन एकदा हललं आणि थांबलं. डावं हललंही नाही, नुसतं टिकटिकलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. उरलीसुरली ताकद मी परीक्षेत घालवली होती.

मी लाल स्विच 'एकत्र'वर टाकला. तिसऱ्या संचातही काही नव्हतं. हे मला समजेना. तीन बॅटऱ्या, सोमवारी सकाळी वीस मिनिटं इंजिनं चाललेली, आणि संच रिकामा? सिस्टर ओरडल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "बॅटऱ्या उतरल्यात." आणि माझ्या तोंडून गेलंच, "रविवारी हा स्विच टाकून ठेवतो, त्याचा परिणाम."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "रविवारी? अहो भाऊ, रविवारी तो फ्रिज चालवते! दुपारपर्यंत तुमच्या बॅटऱ्या मरतात. आठ डिग्रीच्या वर गेलं का लसी फेकाव्या लागतात. पहिल्यांदा पूर्ण पेटी फेकली मी. मग मीच म्हटलं त्याला, काहीही कर, पण फ्रिज बंद पडू देऊ नको. दर रविवारी घरून चालत येते तो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

सोपान तिथे नव्हता. तो उडी मारून चढावर पळत सुटला होता. मी ओरडून विचारलं, कुठे चाललास? तो थांबला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात आलं, पळाला. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

सिस्टर त्या माणसाशी सतत बोलत होत्या. "नाव सांगा. मुलाचं नाव सांगा." तो आधी सांगत होता, नंतर नुसते ओठ हलवत होता. त्याचा भाऊ माझ्यापाशी येऊन हात जोडून म्हणाला, "सायब, तुमी बोटीचं डॉक्टर ना? करा की कायतरी." मी टर्मिनल पुसत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि हात रिकामे ठेवायचं धाडस होत नव्हतं.

सोपान परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बॅटरी होती. वस्तीच्या शाळेपुढे सौर दिव्याचा खांब होता, त्याच्या खोक्यातली. पंचवीस किलोचं धूड घेऊन तो दगडांवरून उतरला होता, ढोपर फुटलं होतं. ती खाली ठेवत म्हणाला, "बारा व्होल्टाची हाय. चालंल का?"

"चालेल," मी म्हटलं. तिची ताकद बाकीच्या रिकाम्या बॅटऱ्यांत जाऊ नये म्हणून लाल स्विच परत फिरवला आणि जाड वायरींनी ती उजव्या इंजिनाच्या बॅटरीला जोडली. पहिल्या वेळी इंजिन अर्धं फिरून थांबलं. दुसऱ्या वेळी धूर टाकून सुरू झालं. पाच मिनिटं त्यावर गेलो, पण वारा आडवा होता, आणि एका इंजिनावर बोट धक्क्याऐवजी खडकांकडे सरकत होती. दुसरं इंजिन पाहिजेच होतं.

"सोपान, लाल स्विच एकत्र कर," मी म्हटलं. "चालू इंजिनाचा करंट डाव्याला जाऊ दे."

त्याचा हात सुकाणूवर होता. स्विच त्याच्यापासून वीतभर. त्याने मान वळवून शांतपणे विचारलं, "लेखी देता का?"

मी उठून स्वतः स्विच फिरवला. आणखी चार-पाच मिनिटांनी डावं इंजिन लागलं.

पलीकडे गाडी उभी होती. सिस्टर त्या माणसाबरोबर गेल्या. सगळं मिळून पाऊण तास उशीर झाला होता. दवाखान्यात पोचला तेव्हा त्याला श्वासही घेता येत नव्हता. काही दिवस श्वासाच्या यंत्रावर काढले, मग शुद्धीवर आला, आणि तिसऱ्या आठवड्यात आपल्या पायांनी घरी गेला. गेला नसता तर हा लेख मी लिहिला नसता.

धक्क्याला बोट बांधली तरी इंजिनं चालू ठेवायला सांगितली आणि मी मीटर काढला. अल्टरनेटरवर चौदा दशांश दोन. नेहमीसारखं उत्तम. मग चार महिन्यांत जे एकदाही केलं नव्हतं ते केलं. इंजिनं चालू असताना मीटर तिसऱ्या संचाच्या टर्मिनलवर लावला. तेरा दशांश चार.

मघाशी डायोडला दार म्हटलं. ते दार प्रत्येक वेळी थोडा कर घेतं, पाऊण व्होल्टभर. तो धरूनच अल्टरनेटरने जास्त दाब द्यायचा असतो. त्यासाठी त्याची एक बारीक वायर दाराच्या पलीकडे, थेट बॅटरीवर जोडायची असते, म्हणजे बॅटरीला खरंच किती मिळतंय ते त्याला कळतं. मी ती वायर दाराच्या अलीकडच्या बाजूलाच जोडली होती. अल्टरनेटर समाधानी, मी समाधानी, आणि बॅटऱ्या पहिल्या दिवसापासून अर्धपोटी. वायरीच्या टोकाची पाव इंचाची कडी, आम्ही तिला लग म्हणतो, चुकीच्या नटाखाली. माझ्या हाताने.

संध्याकाळी आपटेबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भोंडे, तुमच्या अहवालात 'यत्किंचितही' असा शब्द होता. मी तो वाचून सही केली. चूक माझीही आहे." मी दुसरा अहवाल दिला. तो जेमतेम पाच ओळींचा झाला. बाईंनी स्वतः सोपानला फोन करून माफी मागितली आणि परत बोलावलं. तो म्हणाला, नको. सिस्टरनी समजावलं, तरी नको.

बोटीचं वायरिंग मी दुरुस्त केलं. तेव्हापासून फ्रिज शनिवार-रविवार बिनघोर चालतो, नवा माणूस बोट चालवतो, आणि चालकापुढे एक ठळक मीटर लावलाय, थेट बॅटरीवरून घेतलेला. कामावर गेलो की हल्ली मी आधी चालवणाऱ्याला विचारतो, काय झालं होतं, तुम्ही काय केलं होतंत. बरेच जण मला खोटं सांगतात. ते ऐकून घेतो.

वर्षभराने त्याच पाण्यावरच्या एका पर्यटन केंद्राने दोन इंजिनांची बोट बघायला बोलावलं. धक्क्यावर गेलो तर सुकाणूवर सोपान. मालकाने ओळख करून द्यायला सुरुवात केली. सोपान म्हणाला, "वळखतो."

दोन तास काम केलं. तो इंजिनाच्या झाकणावर बसून माझ्या हातांकडे बघत होता. मी कुठली वायर सोडवतो, कुठली आवळतो, बाकाखाली काय करतो, सगळं. मधेच त्याने माझ्या हातातून मीटर घेतला, बॅटरीच्या टर्मिनलवर स्वतः लावून बघितला आणि परत दिला. मला ते बोचलं, आणि बरंही वाटलं.

आवराआवर करताना मी म्हटलं, "सोपानराव, चुकलो तुमच्या बाबतीत. त्या वेळी सरळ विचारायला हवं होतं."

त्याने धक्क्याचा दोर सोडायला घेतला.

"विचारलं असतं, तर सांगितलं असतंत का?"

त्याने खरंच विचार केला.

"न्हाय," तो म्हणाला. "तुमी इचारता तसं इचारल्यावर कोन सांगंल?"

आणि त्याने इंजिन सुरू केलं. एका फटक्यात लागलं.